मसाई मुलगा मोठा कसा होतो? मोरान, सुंता, युनोटो आणि वयगट यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान महाराष्ट्रातून बरीच कुटुंबं केनियातल्या मसाई माराला जातात. येताना सिंह, चित्ते, नदी ओलांडणारे विल्डबीस्ट आणि लाल कपड्यात उंच उड्या मारणारे पुरुष असे फोटो घेऊन येतात. सिंहांबद्दल सगळ्यांना सगळं सांगता येतं. उड्या मारणाऱ्या माणसांबद्दल विचारलं की मात्र "ते तिथले आदिवासी" यापलीकडे गाडी जात नाही. त्यातूनच जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची ही उत्तरं.

मसाई नेमके कोण आणि कुठे राहतात?

दक्षिण केनिया आणि उत्तर टांझानियातले गुरं पाळणारे लोक. केनियात नारोक आणि काजियाडो हे त्यांचे मुख्य जिल्हे, तर टांझानियात न्गोरोन्गोरो, लोंगिडो, मोंडुली, सिमांजिरो हा भाग. त्यांची भाषा 'मा'. मसाई म्हणजे 'मा' बोलणारे. केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत त्यांची संख्या सुमारे १२ लाख भरली. नैरोबी हे नावही त्यांच्याच भाषेतलं आहे, अर्थ 'थंड पाणी'.

हा एकजिनसी समाज नाही. पुर्को, किसोंगो, मटापाटो, लोइता, कापुतिएई असे त्यांचे अनेक विभाग आहेत आणि प्रत्येकाची रीत थोडी वेगळी. त्यामुळे खाली जे लिहिलं आहे ते सगळीकडे तंतोतंत तसंच घडतं असं समजू नये. आपल्याकडे एकाच सणाची पद्धत दोन तालुक्यांत वेगळी असते, तसंच ते.

मुलगा किती वर्षांचा झाला की त्याला मोठा मानतात?

वय मोजून नाही. हा प्रश्नच मसाई माणसाला जरा विचित्र वाटेल. मुलगा मोठा होतो तो त्याच्या वयगटाची वेळ आली म्हणून, आणि त्याच्या बरोबरीची सगळी मुलं त्याच्यासोबत मोठी होतात म्हणून. एकट्याने मोठं होण्याची सोय या समाजाने ठेवलेलीच नाही. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा, बाकीचे सगळे विधी तिच्यातूनच निघतात.

तयारी मात्र फार लहानपणी सुरू होते. चालायला-धावायला लागलेलं पोर आधी घराजवळची वासरं सांभाळतं, मग शेळ्या-मेंढ्या, मग गुरं. कुठल्या गाईचा आवाज कसा, कुठली आज लंगडते आहे, कळपात एक कमी आहे हे न मोजता कसं ओळखायचं, हे सगळं तो रानातच शिकतो. मोठी माणसं भेटली की लहान मुलं डोकं पुढे करतात आणि मोठे त्यावर हात ठेवतात. ही एक रीत आपल्याला कुणी समजावून सांगावी लागत नाही.

वयगट म्हणजे काय? शाळेतल्या वर्गासारखं का?

वर्गातली मुलं दहावीनंतर पांगतात. वयगट मरेपर्यंत सुटत नाही.

साधारण १५ वर्षांच्या काळात ज्यांची ज्यांची सुंता होते, ते सगळे एका वयगटाचे. त्यात दोन तुकड्या असतात: आधी 'उजव्या हाताची', नंतर 'डाव्या हाताची'. पुढे दोन्ही एकत्र होऊन पूर्ण वयगटाला एक नाव मिळतं. न्यांगुसी, सेउरी ही गेल्या शतकातल्या वयगटांची नावं. जुन्या गोष्टी सांगताना मसाई म्हातारा इसवी सन सांगत नाही, "न्यांगुसी मोरान (म्हणजे तरुण योद्धे) होते तेव्हा" असं सांगतो. वयगट हेच त्यांचं कॅलेंडर.

एका वयगटाचे सगळे पुरुष एकमेकांचे जवळजवळ भाऊ. एकाच्या घरी दुसरा गेला तर त्याला जेवण आणि झोपायला जागा मिळालीच पाहिजे. एकाचं वागणं चुकलं तर सगळ्यांना मान खाली घालावी लागते. आणि प्रत्येक नव्या वयगटाचे पालक ठरलेले असतात. ते लगेच वरचे नसतात, एक गट सोडून त्यावरचे असतात. त्यांना 'ओल्पिरोन' म्हणतात. लाकडावर लाकूड घासून विस्तव पाडायची जी काठी, तिच्यावरून हे नाव आलं आहे, कारण नव्या गटासाठी विस्तव पाडतात ते हेच लोक. लगेच वरचा गट पालक का नाही, याचं कारण व्यवहारी आहे. त्यांची आणि नव्या पोरांची स्पर्धा असते. जागा सोडायची वेळ आली की ती कुणी हसत सोडत नाही.

पहिला विधी कोणता?

एंकिपाटा. हा सुंतेच्या आधीचा. साधारण १४ ते १६ वर्षांची मुलं वडीलधाऱ्यांबरोबर काही महिने आपल्या विभागातली वस्तीन् वस्ती फिरतात आणि "नवा वयगट येतो आहे" अशी वर्दी देतात. मग मुद्दाम बांधलेल्या वस्तीत सगळे जमतात. आदल्या रात्री मुलं रानात उघड्यावर झोपतात आणि पहाटे एखादी धाड पडावी तशी धावत वस्तीत घुसतात. त्यानंतर दिवसभर नाच. तो झाला की सुंतेचा रस्ता मोकळा.

सुंता कशी होते? भूल देतात का?

परंपरेने नाही. आणि या विधीचं सगळं वजन त्याच गोष्टीवर आहे.

सुंतेला 'एमुराटा' म्हणतात. त्याआधी सात दिवस मुलाने गुरं राखायची असतात. शेवटच्या रात्री तो थंडीत बाहेर उभा राहतो, पहाटे अंगावर गार पाणी ओततात आणि सूर्य वर येता येता सुंता होते. करणारा माणूस बऱ्याचदा ओकियेक, म्हणजे शेजारच्या रानात मध गोळा करणाऱ्या आणि शिकार करणाऱ्या समाजाचा असतो. भोवती नातेवाईक आणि मोठे पुरुष उभे असतात. त्या दिवसांत मित्र आणि भाऊ मुलाला मुद्दाम टोचून बोलतात: पाय हलवलास तर आम्ही तुला ओळखणार नाही.

त्या काही मिनिटांत मुलाने हलायचं नाही, आवाज काढायचा नाही, डोळ्यांची पापणीही लवू द्यायची नाही अशी अपेक्षा असते. लवली तर ती गोष्ट जन्मभर मागे लागते आणि आईवडिलांनाही चारचौघांत खाली बघावं लागतं. निभावलं तर लगेच गुरं भेट मिळतात. मामा-काका, शेजारी एकेक जनावर बोलतात. मुलगा अंथरुणाला खिळलेला असतानाच त्याचा कळप सुरू होतो. गेलेलं रक्त भरून यावं म्हणून त्याला दुधात गाईचं रक्त मिसळून देतात. हे रक्त गाय न मारता, मानेच्या शिरेवर बाणाने टोचून काढलेलं असतं. शीर मग बंद करतात आणि गाय चरायला जाते.

हे वाचून अंगावर काटा येणं साहजिक आहे. मलाही येतो. पण "दुष्ट प्रथा" म्हणून पान उलटण्याआधी एक लक्षात घ्यावं. ज्या रानात रात्री कळपावर सिंह येतो आणि चार दिवस पाणी सापडत नाही, तिथे हा मुलगा घाबरून पळेल की उभा राहील, हे त्याच्याबरोबर उभ्या राहणाऱ्यांना आधी कळायला हवं असतं. आता अनेक मुलांची सुंता दवाखान्यात होते, आणि घरी केली तरी प्रत्येकासाठी नवं पातं वापरण्याचा आग्रह वाढला आहे. एकच पातं सगळ्यांना वापरण्यातला धोका एचआयव्हीच्या काळात सगळ्यांना कळून चुकला.

रस्त्याच्या कडेला काळे कपडे घातलेली, तोंडावर पांढरी नक्षी काढलेली मुलं दिसली. ती कोण?

नुकतीच सुंता झालेली मुलं. जखम भरून येईपर्यंत आणि त्यानंतरही काही महिने ती काळ्या कपड्यात असतात. ती आता लहान नाहीत आणि अजून मोरानही नाहीत. परंपरेने या काळात ती बोथट बाणांनी लहान पक्षी मारतात आणि त्यांचा मुकुट करून डोक्यावर मिरवतात. टांझानियात आरुशाहून न्गोरोन्गोरोकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशी मुलं प्रवाशांना दिसतात, आणि फोटोसाठी गाड्या थांबतात. थांबायला हरकत नाही, पण आधी विचारा.

मोरान म्हणजे योद्धा ना? मग तो करतो काय?

'योद्धा' हे भाषांतर चुकीचं नाही, अपुरं आहे. मोरान म्हणजे वस्तीची राखण करणारा, लांबच्या चराईला गुरं नेणारा, दुष्काळात पाणी शोधणारा. पूर्वी दुसऱ्यांची गुरं लुटून आणणाराही. मसाईंची जुनी श्रद्धा अशी की एंकाईने, म्हणजे देवाने, पृथ्वीवरची सगळी गुरं त्यांनाच दिली. त्यामुळे ती 'परत आणण्यात' त्यांना चोरी दिसत नसे. शेजाऱ्यांना दिसायची, हेही सांगितलं पाहिजे.

मोरान एकत्र राहतात त्या वस्तीला 'एमन्याटा' म्हणतात. तिथली घरं बांधतात त्यांच्या आया: काटक्यांचा सांगाडा, त्यावर शेणामातीचा लेप. नेहमीच्या मसाई वस्तीभोवती काटेरी झुडपांचं कुंपण असतं. एमन्याटाला परंपरेने ते नसतं. राखण करायला मोरान असताना कुंपण कशाला, असा त्यामागचा विचार.

त्यांच्या नियमांपैकी मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते खाण्याचे. मोरानने एकट्याने दूध प्यायचं नाही, सोबत वयगटातला कुणीतरी हवाच. भूक लागली आणि जोडीदार नाही, तर उपाशी राहायचं. लग्न झालेल्या बायकांच्या नजरेसमोर मांस खायचं नाही. म्हणून ते बैल घेऊन रानात जातात आणि दिवसचे दिवस तिथेच मुक्काम करून खातात, त्याला 'ओल्पुल' म्हणतात. मांसाबरोबर झाडांच्या साली आणि मुळं उकळून केलेला कडू रस्सा पितात. त्यातलं एक मुख्य झाड 'ओल्किलोरिती'. म्हणजे आपली बाभूळ! सोलापूरच्या बांधावर शेळ्या जिच्या शेंगा खातात, तीच जात.

मला यात फार मोठं शहाणपण दिसतं. घास तोंडात घालण्याआधी दर वेळी आजूबाजूला बघावं लागतं: माझा माणूस कुठे आहे? वीस वर्षांच्या पोराला "समाजाचा विचार कर" असं सांगून तो करत नाही. त्याच्या दुधाच्या भांड्याला ही अट घातली की दिवसातून दोनदा करतो.

प्रत्येक मोरानला सिंह मारावाच लागतो का?

नाही. हा पर्यटकांचा आवडता समज आहे. सिंहाची शिकार हा शौर्याचा मोठा प्रसंग होता, पण मोरान होण्याची ती सक्तीची पायरी नव्हती. पहिला भाला ज्याचा लागे, त्याला आयाळीचा मुकुट मिरवता येई. बाकीच्यांसाठी शहामृगाच्या पिसांचा होता. सिंहाचं मांस कुणी खात नसे.

केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली. तरीही गुरं मारली गेली की रागाने भाले निघत, आणि दक्षिण केनियातल्या अंबोसेलीच्या परिसरात सिंह झपाट्याने कमी झाले. पुढे तिथे 'लायन गार्डियन्स' हा उपक्रम सुरू झाला. त्यात मोरानच सिंहांचा माग काढतात, प्रत्येकाला 'मा' भाषेत नाव देतात आणि सिंह जवळ आहे हे गुराख्यांना वेळेवर कळवतात. माग काढणं, धीर धरणं, रानात एकट्याने जाणं, हे सगळं जुनंच. भाला तेवढा खाली.

२०१२ पासून याच भागात मसाई ऑलिम्पिकही भरतं. भाला, सोटा फेकणं, धावण्याच्या शर्यती आणि अर्थातच उंच उडी. त्याच्या पाठीशी उभा राहिलेला धावपटू डेव्हिड रुडिशा स्वतः मसाई आहे. त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये त्याने ८०० मीटरची शर्यत १ मिनिट ४०.९१ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम केला होता.

ती उंच उडी कशासाठी?

त्या नाचाला 'आडुमु' म्हणतात. अर्धवर्तुळ करून सगळे गातात, एकदोघं मध्ये येतात आणि अंग सरळ ठेवून, टाच जमिनीला न टेकवता उडत राहतात. उडी वर जाते तसा गाणाऱ्यांचा सूरही वर जातो. मुली बघत असतात, हेही एक कारण. हॉटेलच्या अंगणात दिसतो तो याचा छोटा तुकडा.

युनोटो म्हणजे काय? त्यात आई मुलाचे केस का कापते?

मोरानपणाची बरीच वर्षं काढल्यावर येणारा हा सगळ्यात मोठा सोहळा. विभागातले शेकडो मोरान एका ठिकाणी जमतात. परंपरेने त्यासाठी ४९ घरांची वस्ती उभी राहते आणि तिच्यात 'ओसिंगिरा' हे विधीचं घर असतं. लग्न झालेल्या बाईशी ज्याने संबंध ठेवले, त्याला त्या घरात पाऊल टाकता येत नाही. हे तपासायला कुणी अधिकारी नसतो. सगळा वयगट बघत असतो, आणि आत न जाणाऱ्याचं न जाणंही सगळ्यांना दिसतं. या सोहळ्यात हत्यारं बाळगायची नाहीत. ज्यांनी इतकी वर्षं भाला हातावेगळा केला नाही, त्यांच्यासाठी ती साधी गोष्ट नसते.

वयगटाचे पुढारीही ठरलेले असतात. 'ओलाइग्वेनानी' हा प्रवक्ता आणि नेता, ज्याला बोलता येतं आणि ऐकताही येतं असा. दुसरा 'ओलोटुनो'. त्याच्यावर सगळ्या वयगटाच्या बऱ्यावाईट कर्मांचा भार असतो. मानाचं पद आहे, पण कुणी धावत जाऊन मागावं असं नाही.

याच काळात एका जनावराचं शिंग पेटवतात. ते पूर्ण जळून जाण्याआधी एका मोरानने त्याचा तुकडा बाहेर काढायचा असतो. जो काढेल त्याच्या नशिबी पुढे दुर्दैव येतं अशी श्रद्धा, आणि कुणीच काढला नाही तर शाप सगळ्या वयगटाला. म्हणजे कुणीतरी एकाने हात घालायचाच. हा प्रसंग मी जितक्यांदा वाचला, तितक्यांदा त्या हात घालणाऱ्या पोराचा विचार मनातून गेलेला नाही.

आणि मग केस. मोरान लांब केस राखतात, गेरू आणि चरबी लावून बारीक वेण्या घालतात. ते केस म्हणजे त्यांचं तारुण्य आणि मिरवणं. युनोटोला आई त्याला गाईच्या कातड्यावर बसवते आणि दूध-पाण्याने भिजवून डोकं भादरते. सुंतेच्या वेळी डोळ्यांतून टिपूस न काढलेले धिप्पाड पुरुष इथे ढसाढसा रडतात, काहींना तर आवरावं लागतं. यानंतर तो लग्न करू शकतो. हे कळल्यावर रडण्याचं कारण वेगळं सांगावं लागत नाही: मित्रांबरोबरचे दिवस संपले.

त्यानंतर तो 'मोठा' झाला का?

अजून नाही. एकट्याने दूध पिण्याची मोकळीक देणारा एक विधी आहे, बायकोसमोर मांस खाण्याची मोकळीक देणारा दुसरा. मग काही वर्षांनी ओल्न्गेशेर. त्यात डोकं भादरते ती बायको. एकापेक्षा जास्त असतील तर थोरली. त्याला वडीलधाऱ्याचं आसन मिळतं, दोन्ही हातांच्या तुकड्या एकत्र होतात आणि तो आपल्या कुटुंबाचा, गुरांचा पूर्ण जबाबदार होतो. पहिल्यांदा आई, नंतर बायको.

मुलींचं काय?

इथे मला गोलमाल उत्तर द्यायचं नाही. परंपरेने मुलीलाही 'मोठं' करण्यासाठी तिच्या जननेंद्रियाचा भाग कापला जाई, आणि लगेच लग्न. याला मुलींची सुंता म्हणतात, पण शब्द फसवा आहे. मुलाच्या सुंतेशी याची बरोबरी होत नाही. यात रक्तस्रावाने जीव जाऊ शकतो, बाळंतपणात धोका वाढतो आणि शाळा तर तिथेच थांबते. मुलाच्या पुढे मोरानपणाची वर्षं असतात, मुलीच्या पुढे थेट सासर.

केनियात २०११ च्या कायद्याने हे पूर्ण बंद आहे आणि २०२१ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तो कायदा कायम ठेवला. टांझानियात १९९८ पासून १८ वर्षांखालील मुलींच्या बाबतीत तो गुन्हा आहे. केनियात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमधलं प्रमाण २०१४ च्या पाहणीत २१ टक्के होतं, २०२२ मध्ये १५ टक्के. मसाईंमधलं प्रमाण मात्र या सरासरीपेक्षा खूप जास्त राहिलं आहे.

बदल आणला तो मसाई बायकांनीच. ॲग्नेस पारेयियो यांनी नारोकमध्ये पळून आलेल्या मुलींसाठी आसरा उभा केला. नाइस लेंगेटे आठ वर्षांची असताना पळाली आणि मोठी झाल्यावर आपल्याच समाजातल्या पुरुषांशी बोलायला बसली. त्यातून पर्यायी विधी आले: मुलींना काही दिवस एकत्र ठेवून शिकवायचं, वडीलधाऱ्यांनी आशीर्वाद द्यायचा, गाणी-नाच सगळं करायचं, पातं तेवढं नाही. आशीर्वाद आजोबांकडूनच यावा लागतो, कारण त्याशिवाय गाव त्या मुलीला मोठी मानत नाही.

हे म्हणजे मसाईंची मुंज का?

मुंडण, आई, नवा जन्म झाल्याची भावना, यामुळे आपल्याला मुंज आठवते. पण मुंज एका मुलाची, एका घरची. इथे घर बाजूला राहतं आणि सगळी पिढी एकदम उंबरठा ओलांडते. मुंजीनंतर मुलगा गुरूकडे जातो, मोरान मित्रांकडे जातो. तुलना करावी, पण इथवरच.

हे आजही चालतं का?

चालतं, पण आक्रसत चाललंय. २०१८ मध्ये युनेस्कोने एंकिपाटा, युनोटो आणि ओल्न्गेशेर या तिघांना तातडीने जपण्याची गरज असलेल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात सुंतेचा समावेश नाही.

कारणं शोधायला फार लांब जायला नको. शेकडो मोरानांना महिनोन् महिने एकत्र राहायला मोकळी जमीन लागते आणि त्यांना खायला घालायला गुरं. ब्रिटिशांनी १९०४ च्या कराराने मसाईंना केनियातल्या रिफ्ट दरीतून आणि १९११ च्या कराराने लाइकिपियाच्या चांगल्या कुरणांवरून हलवलं. १९५९ मध्ये टांझानियात सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून त्यांना बाहेर काढलं. २०२२ मध्ये टांझानियातल्याच लोलिओंडोत १५०० चौरस किलोमीटर जमीन त्यांच्यासाठी बंद झाली. केनियात सामूहिक जमिनीचे तुकडे पडून कुंपणं आली. त्यावर दुष्काळ. 'आधुनिकतेमुळे परंपरा मरते' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. इथे आधी कुरण गेलं.

शाळेचा भाग वेगळा आहे. केनियात २००३ पासून प्राथमिक शिक्षण मोफत झालं, मुलं शाळेत आली. मग विधी सुट्ट्यांमध्ये घेतले जाऊ लागले आणि मोरानपणाची वर्षं कमी झाली. मसाई पालकांना शाळा हवी आहे आणि युनोटोही हवा आहे. दोन्ही बसवण्याची धडपड ते करताहेत.

आम्ही जाणार आहोत. हे विधी बघायला मिळतील का?

खरा युनोटो एका विभागात कित्येक वर्षांतून एकदा होतो आणि त्याची वेळ वडीलधारे व 'ओलोइबोनी', म्हणजे त्यांचा धर्मज्ञ, ठरवतात. टूर कंपनीच्या वेळापत्रकात तो येत नाही. वस्ती दाखवायला नेतात तिथे पैसे देण्याआधी एवढंच विचारा की ते वस्तीला मिळतात की ड्रायव्हरला. लाल शुका पांघरलेल्या माणसाला "सिंह मारलास का?" असं विचारू नका. "तुझ्या वयगटाचं नाव काय?" असं विचारा. उत्तर लांबेल, वेळ काढून ठेवा.